मार्मालेडमधील साखरेचे कार्य आणि ‘फळांनी गोड केलेल्या’ पदार्थांची पारख

संत्र्यांचा हंगाम सुरू झाला म्हणजे पुण्याच्या मंडईत नागपुरी संत्र्यांच्या राशी दिसू लागतात आणि काही घरांतून मार्मालेड करून पाहण्याचा उद्योग आरंभला जातो. पुष्कळदा तो साधत नाही. पाक एक तर पातळ राहतो, नाही तर चमचा शिरणार नाही इतका घट्ट होतो. दुसरीकडे, ज्या घरी मधुमेहाचा रुग्ण आहे तेथे ‘साखरेऐवजी फळांनी गोड केलेले’ अशा शब्दांची बाटली विश्वासाने विकत आणली जाते. वरवर पाहता या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती म्हणजे, अशा पदार्थात साखर केवळ गोडीसाठी असते. ही समजूत कोठे चुकते, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

मार्मालेड हे नाव पोर्तुगीज ‘मार्मेलो’ या फळावरून आले. त्या फळाचा साखरेत आटवलेला घट्ट गर म्हणजे मूळचे ‘मार्मेलाडा’. गोव्यातील पेराड व मांगाड हे त्याच कुळातील पदार्थ होत. लिंबूवर्गीय फळांच्या सालींसह केलेल्या पदार्थास हे नाव पुढे इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये रूढ झाले. महाराष्ट्रातील मोरंबा या शब्दात आंबा दिसत असला, तरी त्याचे मूळ अरबी ‘मुरब्बा’ हे आहे. नावे निराळी असली तरी या सर्वांचे शास्त्र एक आहे: फळातील पाण्याला साखरेने बांधून टाकणे.

मार्मालेडमध्ये साखर तीन कामे करते. पहिले काम घट्टपणाचे. फळांच्या सालीखालील पांढऱ्या भागात व बियांभोवती पेक्टिन असते. त्याचे लांब रेणू पाण्याने वेढलेले असल्यामुळे एकमेकांपासून दूर राहतात. साखर ते पाणी स्वतःकडे ओढून घेते आणि अम्ल त्या रेणूंवरील विद्युत्‌भार कमी करते. त्यायोगे रेणू जवळ येऊन त्यांचे जाळे बनते. यासाठी विद्राव्य घन पदार्थांचे प्रमाण सुमारे ६५ टक्के आणि पीएच मूल्य ३ च्या आसपास असावे लागते. दुसरे काम टिकवणीचे. इतक्या साखरेने जखडलेले पाणी बहुतेक सूक्ष्मजीवांस वाढीसाठी उपलब्ध होत नाही. भारतात १९५५ च्या फळ-उत्पादन आदेशाने मार्मालेडसाठी किमान ६५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी ती कायम ठेवली, यामागे हेच कारण आहे. गोडी हे तिसरे काम.

नागपुरी संत्र्याचे मार्मालेड करताना एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. परदेशी पाककृती प्रायः सेव्हिलच्या कडू संत्र्यासाठी लिहिलेल्या असतात. त्या फळात अम्ल व पेक्टिन विपुल असते आणि नारिंजिनसारख्या द्रव्यांमुळे साल कडू असते. नागपुरी संत्र्याच्या सालीतील मुख्य द्रव्य हेस्पेरिडिन हे बेचव असते आणि रसातील अम्लही तुलनेने थोडे असते. म्हणून १ किलो संत्र्यांस तीन-चार कागदी लिंबांचा रस व त्यांच्या साली यांची जोड द्यावी. साली बारीक चिरून, बिया व चोथा मलमलीच्या पुरचुंडीत बांधून, हे सर्व भरपूर पाण्यात शिजवावे. साल चिमटीत सहज चिरडेपर्यंत साखर घालू नये. कारण साखर सालीतील पाणी शोषून घेते आणि मग ती कितीही उकळली तरी चिवटच राहते. साखरांबा करताना कैरीच्या फोडी आधी वाफवून मग पाकात सोडतात, तो याच कारणास्तव.

पाक केव्हा उतरवावा, हा खरा कळीचा प्रश्न. पुस्तकांतून १०५ अंश सेल्सिअस हे तापमान दिलेले असते. पण तो आकडा समुद्रसपाटीचा आहे. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे ५ अंश अधिक, इतकाच त्याचा अर्थ. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळते. अर्थात येथील अंतिम तापमान १०३ अंशांच्या आसपास ठरते. सुमारे १,३०० मीटर उंचीवरील पाचगणीस ते १०१ अंशांच्याही थोडे खाली येते. पुण्यात १०५ अंशांची वाट पाहणारा पाकातील साखर सत्तर टक्क्यांच्या बरीच वर नेऊन ठेवतो आणि मग पदार्थ कडक होतो किंवा त्यात साखरेचे खडे धरतात. जुन्या गृहिणी बोटांत तार धरून पाकाची परीक्षा करीत. ती परीक्षा पाकाच्या दाटपणाची असल्यामुळे कोणत्याही उंचीवर खरी ठरते. थंड बशीवर थेंब टाकून त्यास सुरकुती पडते का हे पाहणे, ही मार्मालेडची तशीच परीक्षा होय.

याहून निश्चित उपाय तराजूचा. १ किलो फळभाग व १ किलो साखर घेतली असता फळातील सुमारे १०० ग्रॅम घन पदार्थ धरून एकूण घन पदार्थ १.१ किलो होतात. ते ६५ टक्के असावयाचे तर मिश्रणाचे वजन १.७ किलोच्या जवळ आले पाहिजे. पातेल्याचे वजन आधी करून ठेवले, की तापमापकाची गरज उरत नाही.

हाच हिशेब विकतच्या बाटलीस लावून पाहावा. ‘फळांनी गोड केलेल्या’ पदार्थात साखरेची जागा बहुधा द्राक्ष किंवा सफरचंद यांच्या आटवलेल्या रसाने किंवा खजुराच्या लगद्याने घेतलेली असते. आटवलेल्या रसातील घन पदार्थ म्हणजे मुख्यतः ग्लुकोज व फ्रुक्टोज होत. मार्मालेडच्या पातेल्यात अम्लामुळे उसाच्या साखरेचेही अंशतः याच दोन शर्करांत विघटन होते. तेव्हा बाटलीतील घन पदार्थ ६५ टक्केच असतील, तर २० ग्रॅमच्या चमच्यातून दोन्ही प्रकारे १२ ग्रॅमच्या आसपास शर्करा पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली आटवलेल्या फळरसातील शर्करेची गणना मुक्त शर्करेतच केली आहे. २,००० किलोकॅलरींच्या आहारात मुक्त शर्करा ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असे तिचे मार्गदर्शन आहे. भारताच्या २०१८ च्या दावेविषयक नियमांनुसारही, साखरेच्या बदली आटवलेला रस वापरलेल्या पदार्थास ‘साखर मिसळलेली नाही’ असा दावा करता येत नाही.

साखर खरोखर कमी असलेले पदार्थही असतात. त्यांत घन पदार्थ ३५ ते ४५ टक्क्यांच्या सुमारास ठेवून, कॅल्शियमच्या साहाय्याने घट्ट होणारे अल्प-मिथॉक्सिल पेक्टिन वापरतात. परंतु साखरेचे टिकवणीचे काम तेथे कोणीतरी दुसऱ्याने करावे लागते: पाश्चरीकरणाने, परिरक्षकाने किंवा शीतकपाटाने. असा पदार्थ उघडल्यावर बाहेर ठेवला तर त्यास लवकर बुरशी येते. हा त्याचा दोष नव्हे; साखर कमी केल्याचे ते मोल आहे.

भारतीयांच्या देहात, वजन बेताचे असूनही, चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक आढळते, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने जगापुढे आले. अशा समाजात बाटलीवरील ठळक शब्दांपेक्षा मागील बाजूचा बारीक मजकूर महत्त्वाचा ठरतो. तेथे दोनच गोष्टी पाहाव्यात: घटकांच्या यादीत प्रारंभी काय आहे, आणि १०० ग्रॅममध्ये एकूण शर्करा किती आहे. ती ६० ग्रॅमच्या घरात असेल, तर गोडी कोणत्या फळातून आली या प्रश्नास आहाराच्या दृष्टीने फारसा अर्थ उरत नाही. अशा वेळी आवडीचे मार्मालेड घरीच करावे आणि चमचा लहान घ्यावा, हे अधिक श्रेयस्कर.