जावा व सी यांमधील मूल्यांची देवाणघेवाण : ‘कोल्हापूर’ या शब्दाच्या संदर्भात

प्रस्तावना :
जावा भाषेतील आज्ञावली जावाच्या आभासी यंत्रावर चालते. तीतून सी भाषेतील फंक्शन वापरावयाचे झाल्यास मूल्ये ‘जेएनआय’ या दुव्यामार्फत जातात. हा दुवा १९९७ मध्ये जावाच्या १.१ आवृत्तीत आला.

विवेचन :
पूर्णांकासारखी मूल्ये प्रत करून दिली जातात. शब्दाचा मात्र केवळ संदर्भ दिला जातो, कारण यंत्र त्याचे स्मृतीतील स्थान बदलू शकते. ‘कोल्हापूर’ या शब्दात वाचकास ४ अक्षरे दिसतात. जावा ५ व्यंजने आणि ओकार, हलन्त, काना, ऊकार ही ४ चिन्हे वेगळी मोजून लांबी ९ सांगते. सी भाषेसाठी यूटीएफ-८ मध्ये रूपांतर होताना प्रत्येकास ३ बाइट लागतात. अखेरच्या शून्यासह एकूण २८. लांबी ९ पाहून १० बाइटच राखले, तर नाव तुटते किंवा शेजारची स्मृती बिघडते. रोमन लिपीतील साध्या नावांत दोन्ही संख्या समान असल्याने हा दोष झाकलेलाच राहतो.

निष्कर्ष :
विद्यार्थ्यांची मराठी नावे हाताळताना लांबी बाइटांत विचारावी, काम संपताच यंत्राकडून घेतलेली प्रत मुक्त करावी आणि चाचणी देवनागरी नावांनीच घ्यावी.