दुधाची भुकटी आणि व्यापाराची नीती

एखादी वस्तू स्वतः निर्दोष असली, तरी ती ज्या परिस्थितीत वापरली जाणार तिचा विचार विक्रेत्याने न केल्यास तीच वस्तू प्राणघातक कशी ठरते, याचे अर्भकांच्या दुधाच्या भुकटीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विदेशी कंपन्यांनी आफ्रिका व आशियातील अनेक देशांत परिचारिकेच्या वेषातील विक्रेत्या सूतिकागृहांत धाडून या भुकटीचे मोफत नमुने वाटले.

मातेचे दूध उत्पन्न होते ते बालकाच्या चोखण्याने स्रवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या प्रेरणेने. म्हणून नमुन्याचा डबा संपेपर्यंत बालक बाटलीवर राहिले, की दूध आटू लागते, आणि मग गरीब मातेला महागडी भुकटी विकत घेणे, ती पुरावी म्हणून पातळ करणे आणि बहुधा अशुद्ध पाण्यातच कालवणे भाग पडते. कुपोषण आणि अतिसार ही त्याची फळे. शिवाय मातेच्या दुधातील रोगप्रतिबंधक द्रव्यांनाही ते अर्भक पारखे होते.

अशा विक्रीच्या निषेधार्थ १९७७ साली अमेरिकेत ही भुकटी विकणाऱ्या नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. १९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने, एकट्या अमेरिकेचा विरोध असता, ११८ मतांनी या विक्रीविषयीची आचारसंहिता संमत करून भुकटीच्या जाहिरातींना व मातांना नमुने वाटण्यास मनाई सुचविली. भारताने १९९२ मध्ये कायदा करून तिला शिक्षेच्या तरतुदीचे बळ दिले.

जेथे सरकारी अंमल दुर्बळ आणि ग्राहक अनभिज्ञ, तेथे व्यापाऱ्याला अधिक मुभा मिळत नाही, तर त्याची जबाबदारी अधिक वाढते, हाच या प्रकरणाचा चिरंतन बोध होय.