मुक्काम आणि बदली

चौतीस वर्षं बँकेत नोकरी केली की माणसाला एक खोड जडते. कुठल्याही नव्या गावात शिरलं की तो आधी बाजारपेठ पाहतो, मग एस. टी. स्टँड, मग शाळा, आणि मनातल्या मनात हिशेब मांडतो. इथं शाखा चालेल का? ठेवी किती जमतील? दिलेलं कर्ज परत येईल का? निवृत्त होऊन सहा महिने झाले तरी माझी ही खोड गेली नव्हती. त्याच खोडीसकट २०१८ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं मुलीकडे कॅलिफोर्नियात गेलो.

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांचा दिवस कसा जातो, हे आता महाराष्ट्रातल्या घराघरांत ठाऊक आहे. मुलगी आणि जावई सकाळी सातला बाहेर पडतात. मग आपण डिशवॉशर लावायचा, तो थांबला की भांडी काढायची, आणि खिडकीतून निर्मनुष्य रस्ता पाहायचा. तिसऱ्या आठवड्यात सौ. म्हणाली, ''अहो, माणसं दिसत नाहीतच, तर मग वाळवंटच पाहून येऊ या. तिथं निदान अपेक्षा तरी नसते.'' जावयानं गाडीची किल्ली दिली आणि सोबत सूचनांची यादीही. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, पाण्याचे कॅन डिकीत ठेवायचे, मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर राहायचं नाही. सौ.नं त्यात तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा टाकला, आणि आम्ही चार दिवसांसाठी बाहेर पडलो.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजस्थानातली वाळू येते. मोहावीचं वाळवंट तसं नाही. तिथं दगड आहे, मीठ आहे, करड्या झुडपांचे ठिपके आहेत आणि क्षितिजापर्यंत उघडेबोडके डोंगर आहेत. कारण मात्र आपल्या ओळखीचं. सह्याद्रीनं पाऊस अडवला म्हणून माण-खटाव कोरडे राहिले. तिथं पॅसिफिकवरून येणारे ढग सिएरा नेव्हाडाच्या रांगा अडवतात. पर्जन्यछायेचाच प्रदेश, फक्त माप अमेरिकेचं. सौ. माहेरची म्हसवडची. ती म्हणाली, ''हे तर आमचंच रान आहे. बाभळी तेवढ्या नाहीत.''

पहिला थांबा बेकर. हमरस्त्यालगतचं हे छोटं गाव आपल्याजवळ जगातला सर्वांत उंच थर्मामीटर आहे असं सांगतं. उंची १३४ फूट. १० जुलै १९१३ रोजी जवळच्या डेथ व्हॅलीत १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ५७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. त्या विक्रमाच्या मापानं १९९१ साली हा खांब उभा केला. उन्हाळा नकोसा होतो म्हणून आपण कुरकुरतो. या गावानं उन्हाळ्याचाच धंदा केला. मी मनातल्या मनात कर्ज मंजूर केलं.

बेकरहून उत्तरेला जाणारा १२७ क्रमांकाचा रस्ता दुपदरी आहे. त्यावर अर्धा अर्धा तास समोरून गाडी येत नाही. सुमारे १३५ किलोमीटरवर डेथ व्हॅली जंक्शन लागतं. जंक्शन म्हणावं तर आज तिथं रेल्वे नाही, आणि गाव म्हणावं तर वस्ती बोटांवर मोजण्याइतकी. सोनार डाग देताना जो टाकणखार वापरतात, तो या भागात खाणींतून निघत असे. त्या टाकणखाराच्या कंपनीनं १९२० च्या दशकात कामगारांसाठी इथं पांढऱ्या कमानींची एक लांबलचक इमारत बांधली. धंदा हलला, माणसं गेली, कमानी राहिल्या.

१९६७ साली न्यूयॉर्कची एक नर्तकी, मार्टा बेकेट, नवऱ्याबरोबर या भागात आली होती. दौऱ्यातल्या सुट्टीचे दिवस होते. गाडीचं चाक पंक्चर झालं, ते काढायला दोघं या जंक्शनवरच्या गॅरेजात आली. नवरा चाकाजवळ थांबला, ही इकडेतिकडे फिरू लागली. एका ओसाड सभागृहाच्या मागच्या दाराला भोक होतं, त्यातून तिनं डोकावलं. आत रंगमंच होता, धूळ होती, मोडके बाक होते. तिनं ठरवलं, आपण इथंच राहायचं. ब्रॉडवेवर नाचलेली बाई, चाळिशी ओलांडलेली. महिना ४५ डॉलर भाड्यानं त्यांनी ते सभागृह घेतलं. १० फेब्रुवारी १९६८ रोजी पहिला प्रयोग झाला. प्रेक्षक बारा.

पुढं पुढं कधी तेवढेही येईनात. तेव्हा तिनं सभागृहाच्या भिंतींवर प्रेक्षक रंगवायला घेतले. राजा, राणी, सरदार, जोगिणी, साधू असे सगळे सज्जांत बसून रंगमंचाकडे पाहताहेत. भिंतींना चार वर्षं लागली, नंतर छत. खऱ्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी ती ठरल्या वेळी नाचत असे. हळूहळू तिची कीर्ती पसरली आणि लोक वाळवंट तुडवून येऊ लागले. २०१२ पर्यंत ती रंगमंचावर येत राहिली, आणि २०१७ च्या जानेवारीत, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी गेली.

हे सगळं आम्हाला तिथल्या एका बाईंनी फिरवून दाखवता दाखवता सांगितलं. सौ. भिंतीवरच्या राणीकडे पाहत उभी होती. तिनं विचारलं, ''आणि तो नवरा?'' बाई म्हणाल्या, पंधरा-सोळा वर्षं राहिला, मग १९८३ मध्ये निघून गेला. ही राहिली.

बाहेर कमानींच्या सावलीत बसून आम्ही पुऱ्या खाल्ल्या. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सौ. म्हणाली, ''अहो, अंबाजोगाईला मी म्हटलं असतं, की आपण इथंच राहू, तर तुम्ही राहिला असता?''

इथं वाचकांना थोडं मागचं सांगायला हवं. १९९२ ते ९५ मी अंबाजोगाईच्या शाखेत होतो. त्याआधी चार गावं झाली होती आणि पुढं सहा व्हायची होती. प्रत्येक गावी सौ.नं पडदे नव्यानं शिवले, मुलीचा दाखला नव्या शाळेत नेला, गॅसची पुस्तकं बदलली. अंबाजोगाईत मात्र एक निराळी गोष्ट झाली. ती लग्नाआधी गाणं शिकली होती. घरमालकांनी पुढच्या दोन खोल्या दिल्या आणि तिनं क्लास सुरू केला. आधी तीन मुली, मग अकरा, मग बावीस. संध्याकाळी मी शाखेतून येई तेव्हा पायरीवर चपलांची रांग असे आणि आतून पेटीवर भूप चाललेला असे. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा त्रासच व्हायचा. चहा उशिरा मिळे.

९५ च्या जूनमध्ये माझं प्रमोशन आलं आणि त्याबरोबर मुंबईची बदली. प्रमोशन नाकारता येत असे. शाखेतल्या दोघांनी घरच्या अडचणींपायी नाकारलंही होतं. मी घरी येऊन पेढे ठेवले. नोव्हेंबरात गांधर्वच्या परीक्षेला सौ.च्या नऊ मुली बसायच्या होत्या. ती एवढंच म्हणाली, ''नोव्हेंबरपर्यंत थांबता नाही का येणार?'' मी म्हणालो, ''बँक थांबत नसते.'' पेटी तिनं एका मुलीला देऊन टाकली. मुंबईच्या जागेत ती ठेवायला कोपराही नव्हता. त्यानंतर तेवीस वर्षांत हा विषय आमच्यात निघाला नाही. मी समजत होतो, मिटला.

कमानीखाली मी उत्तर दिलं नाही. ''ऊन वाढतंय, निघू या,'' म्हणालो. नोव्हेंबरात!

डेथ व्हॅलीचा तळ, बॅडवॉटर, समुद्रसपाटीच्याही ८६ मीटर खाली आहे. मागच्या कड्यावर फार उंच एक पाटी लावली आहे, 'समुद्रसपाटी' एवढंच सांगणारी. मान वर करून ती वाचताना आपण किती खाली उतरलो आहोत ते कळतं. सौ. मिठावरून लांबवर चालत गेली. मी गाडीपाशी उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सीमा ओलांडून नेव्हाडात बिटी या गावी आलो. खाणकामगारांनी सोडून दिलेल्या गाढवांची पिलावळ इथं मोकळी हिंडते, थेट रस्त्यावर येऊन गाड्या अडवते. मालक गेले, गाढवं राहिली. गावापासून सहा-सात किलोमीटरवर ऱ्हायोलाइट आहे. तिथं मला खरी ठेच लागली.

१९०४ च्या ऑगस्टमध्ये तिथं सोनं सापडलं. तीन-चार वर्षांत उजाड माळावर काही हजारांची वस्ती झाली. वीज आली, टेलिफोन आले, आगगाड्या आल्या, इस्पितळ झालं, शेअर बाजारसुद्धा भरू लागला. लाकूड मिळेना म्हणून एका गृहस्थानं १९०६ मध्ये बाटल्या रचून घर बांधलं. सुमारे पन्नास हजार बाटल्या, बहुतेक बिअरच्या. दारूचे गुत्ते भरपूर होते, त्यामुळे कच्च्या मालाला तोटा नव्हता. ते घर अजून उभं आहे.

आणि उभी आहे ती कुक बँक. तीन मजली इमारत १९०८ साली बांधून झाली. खर्च ९० हजार डॉलर. इटलीहून आणलेला संगमरवरी जिना, रंगीत काचा, तळघरात पोस्ट. पण १९०७ च्या आर्थिक घबराटीनं खाणींचा पैसा आटायला आधीच सुरुवात झाली होती. १९१० च्या शिरगणतीत गावात ६७५ माणसं उरली. १९११ मध्ये मुख्य खाण बंद पडली, १९१६ मध्ये वीज तोडली. मोठी नवी शाळा बांधली, तोवर मुलंच राहिली नव्हती. लोकांनी घरं उचकटून सामान नेलं, काही तर अख्खीच्या अख्खी बिटीला नेली. बँकेच्या आज फक्त भिंती आहेत. खिडक्यांच्या चौकटींतून पलीकडचं आकाश दिसतं.

काउंटर जिथं असेल असं वाटलं, त्याच्या समोर कुंपणाबाहेर मी उभा राहिलो. सौ.नं फोटो काढला आणि म्हणाली, ''साहेब, कॅश बंद झाली का?'' मी हसलो, पण घशाशी काहीतरी आलं. गावातली सर्वांत भक्कम इमारत बँकेची होती, आणि कदाचित म्हणूनच लोकांना गाव भक्कम वाटलं असेल. कालच्या त्या जंक्शनवर ना सोनं होतं, ना बँक. मी तिथला शाखाधिकारी असतो तर त्या नर्तकीला पन्नास डॉलरचंही कर्ज दिलं नसतं. तारण काय, तर भिंतीवर रंगवलेले प्रेक्षक! आणि तेच खातं पंचेचाळीस वर्षं चाललं.

रात्री लास व्हेगासला फक्त झोपलो. तिसऱ्या दिवशी ॲरिझोनात किंगमनला पोचलो. इथून पूर्वेला सेलिग्मनला जायला दोन वाटा आहेत. एक नवा हमरस्ता, सरळ आणि जलद. दुसरा जुना '६६ क्रमांकाचा रस्ता', शिकागोहून लॉस एंजेलिसकडे येणारा, १९२६ पासूनचा. १९८५ मध्ये सरकारनं त्याचा क्रमांकच काढून घेतला. सेलिग्मनचा घास त्याआधीच गेला होता. २२ सप्टेंबर १९७८ रोजी नवा हमरस्ता गावाला वळसा घालून सुरू झाला, आणि गावातून रोज जाणाऱ्या हजारो गाड्या एका दिवसात नाहीशा झाल्या.

तिथं एंजल डेलगाडिलो नावाचा न्हावी होता. इतर दुकानं बंद करून निघाले, हा खुर्ची मांडून बसला. १९८७ मध्ये त्यानं गावोगावच्या लोकांना जमवून संघटना काढली, सरकारच्या मागं लागला, आणि त्याच वर्षी ॲरिझोनानं या जुन्या रस्त्याला ऐतिहासिक दर्जा दिला. आज जगभरचे प्रवासी त्याचं केशकर्तनालय पाहायला येतात. त्याच्या भावाच्या खाणावळीच्या दाराला दोन मुठी आहेत, त्यांतली एक खोटी. गिऱ्हाईक खोटी मूठ फिरवत बसतं आणि आतले लोक हसतात.

पण हे पुढचं. किंगमनच्या फाट्यावर मी सवयीनं हमरस्त्याकडचा दिवा लावला होता. दिवा टिकटिकत होता. मी तो बंद केला आणि विचारलं, ''तू सांग, कुठून जायचं?''

सौ.नं माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं. ''जुन्या रस्त्यानं,'' ती म्हणाली.

रस्ता रिकामा होता. डावीकडे आगगाडीचे रूळ, दोन्ही बाजूंना पिवळं गवत. काही वेळानं मी म्हणालो, ''नसतो राहिलो. अंबाजोगाईला. तू म्हणाली असतीस तरी नसतो राहिलो.'' ती म्हणाली, ''ते मला तेव्हाच माहीत होतं. म्हणून तर म्हटलं नाही.''

मग मी विचारलं, त्या परीक्षेचं पुढं काय झालं? सहा मुली बसल्या, पाच पास झाल्या, ती म्हणाली. तिला पत्रं आली होती. कुठली पत्रं, कधी आली, मला काहीच ठाऊक नव्हतं. ती नावं सांगू लागली, एकेकीचं. कुणाचा आवाज कसा होता, कोण तालाला कच्ची होती, कोण पायरीवर चप्पल नीट लावत नसे. त्या वर्षीच्या मार्चअखेरच्या माझ्या शाखेच्या ठेवींचा आकडा मला आजही रुपयापर्यंत पाठ आहे. त्या नऊ मुलींपैकी एकीचंही नाव मला आठवत नव्हतं.

मागून एक ट्रक आला. मी गाडी कडेला घेऊन त्याला पुढं जाऊ दिलं. सातवं नाव चाललं होतं.