ऐकीव वगळून

सकाळी साडेसात. कोर्ट अकराचं, पण साक्षीदार तात्या पहिल्या एसटीनं येऊन ऑफिसच्या पायरीवर बसलेत. वडूजच्या कोर्टात आज वादीतर्फे त्यांच्या सरतपासणीचं, म्हणजे आपल्या बाजूनं द्यायच्या साक्षीचं, प्रतिज्ञापत्र द्यायचं आहे. दावा शेतात जाणाऱ्या गाडीरस्त्याचा, शेजाऱ्यानं तो नांगरून टाकला. २००२ पासून दिवाणी दाव्यात सरतपासणी तोंडी घेत नाहीत, लिहूनच द्यावी लागते.

आठ. चहा येतो आणि तात्या सुरू होतात. "मॅडम, त्यो रस्ता बापजाद्यापासनं हाय." रस्त्याच्या प्रत्येक दाव्यात हे वाक्य असतं, आणि कोर्टात त्याचा काडीचा उपयोग नसतो. वहिवाटीचा हक्क सांगायचा तर १८८२ च्या इझमेंट अ‍ॅक्टप्रमाणे वीस वर्षांचा उघड, अखंड वापर दाखवावा लागतो. आणि साक्षीदारानं लिहायचं ते फक्त स्वतःला ठाऊक असलेलं. वडिलांनी सांगितलं ते ऐकीव.

"तुम्ही स्वतः पहिल्यांदा कधी गेलात?"

"भूकंपाच्या आधी."

म्हणजे ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. तात्या तेव्हा शाळेत. वादीच्या वडिलांशी यांच्या घराचा पैरा होता, म्हणजे एकमेकांच्या रानात बैल आणि माणसं द्यायची, त्यामुळे सुगीला यांची बैलगाडी त्या रानात जायची आणि हे कडब्यावर बसून परत यायचे. बहात्तरच्या दुष्काळात वादीची विहीर आणखी खोल नेली, तेव्हा दगड याच रस्त्यानं बाहेर काढले. काढणाऱ्यांत तात्याही होते. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना सन विचारून काही हाती लागत नाही. भूकंप, दुष्काळ, थोरलीचं लग्न असं विचारावं, मग हिशेब बिनचूक लागतो.

नऊ. आता वगळावगळ. शेजाऱ्याच्या चुलत्यानं पूर्वी कुणाचं रान लाटलं, हे तात्यांना लिहायचंच आहे. मी नाही म्हणते. "मग ल्हिवायचं तरी काय?" म्हणून ते हिरमुसतात. डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं उरतं, आणि ते दोन पानांत मावतं.

दहा. टायपिंग झालं. 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञेवर कथन करतो की' एवढं वळण राहू देते, बाकी 'सदरहू' आणि 'उपरोक्त' काढून टाकते. उलटतपासातला प्रश्न ठरलेला असतो: हा मजकूर कुणी लिहिला? साक्षीदाराला स्वतःचंच प्रतिज्ञापत्र परकं वाटलं की तो तिथेच अडखळतो. म्हणून 'पैरा' हा शब्दही तसाच ठेवलाय. मग सावकाश वाचून दाखवते. 'दहा फूट रुंद' या शब्दांवर तात्या हात वर करतात.

"फूट कुणी मोजलं? एक गाडी जायाची. समोरनं दुसरी आली तर एकीला बांधावर घ्यावी लागायची."

ते तसंच घातलं. प्रतिज्ञापत्रातलं सगळ्यात भक्कम वाक्य आता हेच आहे.

पावणेअकरा. कोर्टाच्या आवारात नोटरी. "पाचशेचा स्टॅम्प आणू का?" अशील विचारतो. कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी लोक घेतातच. नोटरी आधारकार्ड पाहतात, मजकूर समजला का विचारतात, शपथ देतात आणि मगच सही करायला सांगतात. तात्यांना ओळखत असल्याबद्दल माझी सही. हातानं केलेल्या दुरुस्तीपाशी छोटी सही. नोंदवहीत अनुक्रमांक, लाल तिकीट, गोल शिक्का. माणूस समोर नसतानाही शिक्का मारून देणारे भेटतात, आणि त्यांच्याकडे जाणारे वकीलही. चार पैसे आणि अर्धा तास वाचतो खरा. पण 'सही घरीच केली होती' असं साक्षीदार पिंजऱ्यात बोलून गेला की त्या कागदाची किंमत संपली. खोटं प्रतिज्ञापत्र म्हणजे खोटा पुरावा. न्याय संहितेत त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

साडेबारा. पुकारा झाला. एक प्रत समोरच्या वकिलांना दिली. तात्या पिंजऱ्यात शपथ घेतात, सही आपलीच आणि मजकूर खरा, असं सांगतात. उलटतपासासाठी समोरून मुदतीचा अर्ज. मंजूर. पुढची तारीख.

अडीच. दुसरा साक्षीदार, तात्यांचा धाकटा भाऊ, पुढच्या आठवड्यात. टायपिंगवाला विचारतो, "मॅडम, हाच मजकूर ठेवून नाव बदलू?" बऱ्याच फायलींत तसंच होतं, टायपिंगच्या चुकांसकट, आणि समोरचा वकील दोन्ही कागद शेजारी ठेवून साक्षीदारांना सोलून काढतो. भूकंपाच्या वेळी धाकटा पाळण्यात होता. मी नवी फाईल उघडायला सांगते.