गाव्हिया खिंडीचा उतार

डोंगरी टप्प्यांचा निकाल चढावरच लागतो, हा सायकल शर्यतींविषयीचा रूढ समज निराधार नाही; कारण सपाट रस्त्यावर पुढच्या स्वाराच्या पाठीशी राहून वाऱ्याचा विरोध चुकवता येतो, पण चढावर वेग मंदावताच हा आडोसा फारसा कामी येत नाही. ५ जून १९८८ रोजी इटलीच्या आल्प्स पर्वतात मात्र खरी परीक्षा घेतली ती उताराने.

जिरो दितालिया ही सुमारे तीन आठवड्यांची शर्यत असून, सर्व टप्प्यांची मिळून सर्वांत कमी वेळ नोंदवणारा स्वार तीत गुलाबी जर्सी घालतो. त्या दिवशीच्या बोर्मिओपर्यंतच्या टप्प्यात २,६०० मीटरांहून उंच गाव्हिया खिंड ओलांडायची होती. तिच्या रस्त्याचा काही भाग तेव्हा कच्चा होता आणि वर हिमवर्षाव सुरू होता, तरी संयोजकांनी मार्ग बदलला नाही. हा निर्णय स्वारांच्या जिवाशी खेळणारा होता, असेच म्हणावे लागेल. आजच्या नियमांत अशा हवामानात टप्पा आखूड किंवा रद्द करण्याची तरतूद आहे.

चढताना स्नायूंच्या श्रमाने शरीर तापते. उतरताना पाय जवळजवळ थांबतात, वेग वाढतो आणि भिजलेल्या कपड्यांतून बोचरा वारा अंगातली ऊब ओढून नेतो. बोटे बधिर झाली की ब्रेक दाबणेही अवघड होते आणि गिअरवर बर्फ साचून ते अडकतात. घाटमाथ्यावर सर्वप्रथम पोहोचलेला नेदरलँड्सचा योहान फान डर फेल्डे आखूड बाह्यांच्या जर्सीत होता. उतारावर गारठून त्याला आसरा शोधावा लागला आणि तो विजेत्यानंतर सुमारे ४७ मिनिटांनी बोर्मिओत आला.

अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टनच्या संघाने मात्र त्याच सकाळी लोकरी टोप्या, हातमोजे आणि उबदार कपडे विकत घेऊन ते माथ्याजवळ स्वारांना मिळतील, अशी सोय केली होती आणि सोबत गरम चहाही ठेवला होता. हॅम्पस्टनने चढावर प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले, हे त्याच्या ताकदीचे श्रेय. ती आघाडी उतारावर बव्हंशी टिकली, यात मात्र या तयारीचा वाटा मोठा होता. शेवटच्या काही किलोमीटरांत नेदरलँड्सच्या एरिक ब्रोइकिंकने त्याला गाठून ७ सेकंदांनी टप्पा जिंकला, पण गुलाबी जर्सी हॅम्पस्टनकडे आली आणि ती अखेरपर्यंत राखून तो जिरो जिंकणारा पहिला अमेरिकी स्वार ठरला.