सहाय्यक भूमिकेचं मोजमाप कसं करायचं?

एखादी गोष्ट चांगली आहे असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय करतो, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. आज तो एका ठोस उदाहरणावर तपासून बघू. जुन्या अमेरिकन चित्रपटांत सहाय्यक भूमिकेसाठी ज्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं, त्यांच्या कामाचा निवाडा कोणत्या कसोटीवर करायचा? विषय करमणुकीचा वाटेल, पण शेवटी तो न्यायापाशी जातो.

आधी थोडा इतिहास. ऑस्करचा पहिला सोहळा १९२९ साली झाला, तेव्हा सहाय्यक भूमिकांसाठी वेगळा पुरस्कार नव्हता. तो सुरू झाला १९३६ सालच्या चित्रपटांपासून. पहिले मानकरी वॉल्टर ब्रेनन आणि गेल सॉन्डरगार्ड. गंमत अशी, की सुरुवातीची काही वर्षं या मानकऱ्यांना ती प्रसिद्ध सोनेरी बाहुली मिळत नसे, त्याऐवजी एक पट्टिका दिली जाई. पूर्ण बाहुली मिळू लागली ती १९४३ सालच्या चित्रपटांपासून. म्हणजे वर्ग निर्माण करतानाच त्याची पायरी खालची ठरवून टाकली होती. काम कोणतं आणि पायरी कोणती, या दोन गोष्टींची गल्लत तिथेच झाली.

बरं, सहाय्यक भूमिका म्हणजे काय, याची नेमकी व्याख्या तरी होती का? नव्हती. १९४४ च्या ‘गोइंग माय वे’ या चित्रपटात बॅरी फिट्झजेराल्डने वृद्ध धर्मगुरूचं काम केलं. त्या एकाच भूमिकेसाठी त्याला प्रमुख आणि सहाय्यक अशी दोन्ही नामांकनं मिळाली! सहाय्यक भूमिकेचा पुरस्कार त्याने घेतला, आणि प्रमुख भूमिकेचा गेला त्याच चित्रपटातल्या बिंग क्रॉसबीला. पुढे असं होऊ नये म्हणून नियम बदलावा लागला.

मग मिनिटं मोजायची का? तेही जमत नाही. १९७२ च्या ‘द गॉडफादर’मध्ये अल पचिनो पडद्यावर मार्लन ब्रँडोपेक्षा जास्त वेळ आहे, तरी पचिनोला नामांकन सहाय्यक म्हणून आणि ब्रँडोला पुरस्कार प्रमुख म्हणून. उलट १९७६ च्या ‘नेटवर्क’मध्ये बिअट्रिस स्ट्रेट जेमतेम पाच मिनिटं दिसते. नवऱ्याच्या तोंडून त्याच्या दुसऱ्या प्रेमाची कबुली ऐकणारी बायको. तेवढ्यावर तिने पुरस्कार मिळवला. आपल्याकडे ‘देवदास’मधल्या चंद्रमुखीसाठी मिळालेला सहाय्यक भूमिकेचा फिल्मफेअर पुरस्कार वैजयंतीमाला यांनी नाकारला, कारण आपली भूमिका पारोच्या तोडीची आहे असं त्यांचं म्हणणं होतं.

तेव्हा लांबी हा निकष नव्हे. मग निकष कोणता?

अॅरिस्टॉटल सांगतो, की ज्याचं जे कार्य, ते उत्तम पार पडणं हाच त्याचा गुण. विळीचा गुण चिरण्यात, पळीचा वाढण्यात. पळीने चिरता येत नाही म्हणून तिला कमी लेखायचं नसतं. आता सहाय्यक भूमिकेचं कार्य काय? मला इथे तबल्याची साथ आठवते. विलंबित ख्याल चालू असताना तबलजी काय करतो? ठेका धरतो, गायकाला मोकळं सोडतो, समेवर भेटतो. साथ चांगली झाली की नाही, हे त्याने किती वाजवलं यावर आपण ठरवत नाही. गाणं कसं झालं, त्यावर ठरवतो. सहाय्यक भूमिकेचंही तसंच आहे. तिच्यामुळे दुसऱ्या पात्राला काय शक्य झालं, हे बघायचं.

ही कसोटी लावून बघू. एलिया कझानचा १९५४ चा ‘ऑन द वॉटरफ्रंट’. बारा नामांकनं, आठ पुरस्कार. त्यातल्या तीन नटांना एकाच वर्षी, एकाच सहाय्यक वर्गात नामांकन मिळालं: ली जे. कॉब, कार्ल माल्डन आणि रॉड स्टायगर. पुरस्कार तिघांपैकी कुणालाच नाही. तो गेला ‘द बेअरफूट कॉन्टेसा’तल्या एडमंड ओब्रायनला.

कॉब गोदीतल्या कामगार संघटनेचा गुंड पुढारी आहे. तो गरजतो, धमकावतो. नायकाला लढायला कुणीतरी हवं, ते कार्य तो चोख करतो. माल्डनचा पाद्री जहाजाच्या तळघरात मेलेल्या कामगाराच्या शेजारी उभा राहून भाषण करतो. अंगावर काटा येतो. पण तिथे लेखकाचं भाषणच इतकं बलवान आहे, की श्रेयातला मोठा वाटा त्याचा. भूमिकेचं वजन आणि नटाचं काम या दोन गोष्टी वेगळ्या काढता आल्या पाहिजेत.

स्टायगर आहे नायकाचा थोरला भाऊ, चार्ली. टॅक्सीतला प्रसंग बहुतेकांनी पाहिला असेल. भावाचं तोंड बंद कर, नाहीतर त्याला संपव, असा चार्लीला हुकूम आहे. तो पिस्तूल काढतो. ब्रँडो ते हळूच बाजूला सारतो, आणि मग ज्या मुष्टियुद्धात आपल्याला मुद्दाम हरायला लावलं, त्याबद्दल बोलतो. तो प्रसंग ब्रँडोचा म्हणून जगभर ओळखला जातो. पण पुढच्या वेळी ब्रँडोकडे न बघता ऐकणाऱ्याकडे बघा. आपल्या भावाचं आयुष्य आपणच विकलं, हे चार्लीला त्या काही क्षणांत कळतं. तो सबबी सांगू बघतो, मग सबबी संपतात. त्या चेहऱ्यावर आरोप पोचला नसता, तर ब्रँडोचं बोलणं म्हणजे नुसती तक्रार ठरली असती. आणि एक लक्षात घ्या: स्टायगरने नंतर सांगितलं आहे, की त्याचे जवळून घेतलेले शॉट चित्रित होताना ब्रँडो सेटवर थांबलाच नव्हता. म्हणजे समोर बोलणारा नसताना त्याने ते ऐकणं केलं. माझा कौल स्टायगरला, आणि माझं कारण हेच.

आता कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं: सर, दुसऱ्याला मोठं करणं हाच गुण म्हणाल, तर उत्तम सहाय्यक म्हणजे उत्तम सेवक, असं होणार नाही का? आक्षेप गंभीर आहे. त्यासाठी हॅटी मॅकडॅनियलकडे जाऊ.

१९३९ चा ‘गॉन विथ द विंड’. मॅमी या गुलाम दाईच्या भूमिकेसाठी तिला पुरस्कार मिळाला. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत. याच वर्गात याच चित्रपटातल्या ऑलिव्हिया डी हॅविलँडलाही नामांकन होतं. दोघींचा जिन्यावरचा प्रसंग बघा. मुलगी गेल्यावर बाप कसा वेडापिसा झालाय, तिला पुरूही देत नाही, हे मॅमी जिना चढता चढता मेलनीला सांगते. ते आपल्याला दाखवलेलं नाही, तरी मॅकडॅनियलच्या आवाजातून आपण ते बघतो. क्लार्क गेबलच्या पात्राचं दुःख तिने उभं केलं. आमच्या कसोटीवर हे काम अव्वल.

पण २९ फेब्रुवारी १९४० च्या रात्री, पुरस्कार स्वीकारायला आलेल्या याच बाईला तिच्या सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. त्याआधी अटलांटातल्या पहिल्या खेळाला तर वर्णभेदाच्या कायद्यांमुळे तिला जाताच आलं नव्हतं. मोलकरणीखेरीज फारशा भूमिका तिला देऊ केल्या जात नव्हत्या. आणि दुसऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ऑस्कर मिळाला तो १९९० च्या ‘घोस्ट’साठी, व्हूपी गोल्डबर्गला. दोन चित्रपटांत एक्कावन्न वर्षांचं अंतर!

म्हणून माझं म्हणणं असं, की इथे निवाडे दोन आहेत आणि ते वेगळेच ठेवले पाहिजेत. मिळालेल्या चौकटीत नटीने काय केलं, हा एक. ती चौकट कुणी आखली आणि ती कुणाकुणाला ओलांडू दिली नाही, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘उत्कृष्ट’ आलं म्हणून दुसरा प्रश्न मिटत नाही. आणि दुसऱ्याचं उत्तर लाजिरवाणं आहे म्हणून पहिलं काम कमी दर्जाचं ठरत नाही. तबलजी साथ करतो ती त्या मैफलीपुरती. उद्या त्याचं स्वतंत्र तबलावादन होऊ शकतं. मॅकडॅनियलला ती उद्याची मैफलच दिली गेली नाही. अन्याय इथे आहे, साथ करण्यात नाही. सहाय्यक हा शब्द कामाचं वर्णन आहे. तो माणसाचा दर्जा झाला, की निवाडा बिघडतो.

पुढच्या वेळी भेटण्याआधी एवढं करा. यांतला कोणताही एक प्रसंग दोनदा बघा. दुसऱ्यांदा बघताना, जो बोलत नाही त्याच्यावर नजर ठेवा. मग स्वतःला विचारा: हा माणूस इथे नसता, तर समोरच्याचं काय अडलं असतं? उत्तर लिहून आणा. त्यावरून वाद घालू.