४६ ची २३ नेमकी कधी होतात?



"अर्धगुणसूत्री विभाजनात ४६ गुणसूत्रांची २३ होतात" हे वाक्य मुलं पाठ करतात. पण कोणत्या टप्प्यावर होतात, असं विचारलं की गोंधळ सुरू होतो. लोकरीचे धागे घेऊन बसलं की हा गोंधळ सुटतो.

आपल्या शरीरातल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. वर्गात तीनच जोड्या घ्या. आखूड, मध्यम आणि लांब असे तीन लाल धागे आईकडचे, तसेच तीन निळे बाबांकडचे. एकूण सहा.

विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार होते. म्हणून प्रत्येक धाग्याला तसाच दुसरा धागा जोडून मध्ये एक गाठ मारा. ही गाठ म्हणजे गुणसूत्रबिंदू. इथे मुलं "बारा झाले!" म्हणतात. त्यांना सांगा, धागे नाही, गाठी मोजायच्या. गाठी सहाच आहेत. तसंच माणसाच्या पेशीत प्रती तयार झाल्या तरी संख्या ४६च राहते.

भाग १ मध्ये जोड्या फुटतात. जोडीतला लाल एका पेशीत, निळा दुसऱ्या पेशीत. आता प्रत्येकीत तीनच गाठी. म्हणजे संख्या इथेच निम्मी झाली! भाग २ मध्ये फक्त गाठ सुटते आणि प्रती वेगळ्या होतात. शेवटी चार पेशी, प्रत्येकीत तीन सुटे धागे.

निम्मी का व्हायला हवीत? अंडपेशीतली २३ आणि शुक्रपेशीतली २३ मिळून बाळाची ४६ होतात म्हणून.

आता समजा, २१ व्या क्रमांकाची जोडी फुटलीच नाही. मग एका पेशीत २४ जातात आणि बेरीज येते २४ + २३ = ४७. डाऊन सिंड्रोम बहुतेक वेळा असाच होतो. आईचं वय वाढतं तशी ही शक्यता वाढते, पण तरुण आईच्या बाळातही हे घडतं.

म्हणजे ही संख्या गर्भ राहतानाच ठरलेली असते. नंतर आईने काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, याचा तिच्याशी काही संबंध नाही. तरी बोल आईलाच लागतो. म्हणून ४७ ची ही बेरीज फळ्यावर जरूर मांडा. वर्गातलं एखादं मूल ती घरी जाऊन सांगेल.